कोटाच्या बाहीला गोळी लागली होती

सोमवार, ४ तारीख

ही वही भिंगरीची. शाळेतून तिला दोन मिळाल्या, त्यातली एक तिने मला दिली. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बडबडतेस ते यात लिही, म्हणजे मला अभ्यास करता येईल." नात अकरा वर्षांची आहे आणि जीभ माझी उचलली आहे. माझी शाळा तिसरीतच सुटली. साधी अक्षरं येतात, जोडाक्षरांशी माझं भांडण आहे. बघू कोण आधी दमतं.

आजपासून घरात सिनेमावाले शिरले. घरमालकाने परस्पर हो म्हटलं आणि मग आम्हाला येऊन सांगितलं की महिनाभर पुढची खोली, जिना आणि माडी त्यांची, तुम्ही मागे राहा. मी म्हटलं, विचारायला आलात की कळवायला? तो म्हणाला, कळवायला. निदान खरं बोलला.

सिनेमा लढाईच्या काळातला आहे, कुठल्याशा कादंबरीवरून काढतायत. एक मुलगी, तिचा शिपाई नवरा. तो लढाईवर जातो, ती वाट बघते. एवढ्यासाठी इतकी माणसं, इतक्या तारा आणि दोन ट्रक कशाला लागतात कोण जाणे. वाट बघायला एक खिडकी असली की भागतं.

पुढच्या खोलीत आमचं दुकान असतं. मी आणि सून रफू करतो. फाटलेला, जळलेला, कसरीने खाल्लेला कपडा आणा, कुठे फाटला होता ते तुम्हालाही सापडणार नाही असा करून देऊ. आता टेबल, मशीन, लोकांचे कपडे सगळं मागच्या खोलीत कोंबलं आहे.

दाराजवळच्या खुंटीवर माझ्या मुलाचा कोट असतो. त्यांच्या सुताराने तो काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "आजी, इथे आमच्या हिरोचा कोट लागणार आहे." लागू दे म्हटलं. खुंटी काय, लाकूडच. मुलाचा कोट ट्रंकेत ठेवला.

मुलगा लढाईवर गेला तेव्हा भिंगरी रांगत होती. पुढे दोन माणसं येऊन सांगून गेली की बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे मेला, पण दाखवायला काही नाही, असं मी धरून चालते. सून काय धरून चालते ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरात कामं असतात.

बुधवार, ६ तारीख

सिनेमा कसा काढतात ते बघितलं. एक माणूस चहा पितो. मग म्हणतात, पुन्हा पी. सकाळभर तो तोच चहा पीत होता. दिग्दर्शक म्हणून जो आहे तो घरातसुद्धा टोपी काढत नाही, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते. त्याच्या शेजारी एक मुलगी वही घेऊन बसते आणि कपात चहा किती उरला ते लिहिते. तिला म्हटलं, हे काय काम? ती म्हणाली, "आजी, आधी जे जिथे होतं ते नंतरही तिथेच दिसलं पाहिजे. कप, केसांची बट, खुर्ची. काही हललं की पडद्यावर चूक दिसते."

मी म्हटलं, मग तू आमच्याकडेच नोकरीला राहा. आमच्याकडे कित्येक वर्षांत काही हललेलं नाही.

ती हसली. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

त्यांचा सुतार दुपारी मागच्या दाराशी आला. कानावर पेन्सिल, अंगात स्वेटर, स्वेटरचा कोपर फाटलेला. रफू होईल का म्हणाला. सुनेने घेतला. या माणसाला वळण कमी. वहीवालीला ताई म्हणतो, नायिकेला ताई म्हणतो, झाडूवालीला ताई म्हणतो. सुनेला मात्र काहीच म्हणत नाही. नुसतं "तुम्ही". आणि तेही जमिनीकडे बघून.

गुरुवार, ७ तारीख

नायिकेने सुनेला ती कादंबरी वाचायला दिली. मुलगी बरी आहे, पडद्यावर असेल तेवढी इथे नटत नाही, पायमोजे दोन रंगांचे घालते. सून दुपारी काम करता करता मला मोठ्याने वाचून दाखवते. म्हणजे मी काम करते आणि ती वाचते.

पहिल्याच भेटीत शिपायाला बघून ती मुलगी थरथरते. मी विचारलं, ताप आहे का तिला? सून म्हणाली, "आई, ऐका तरी." पुढे तो तिचा हात धरतो तर खिडकीबाहेरची पानंसुद्धा थरथरतात. झाडालाही लागण झाली. पण ऐकवत नाही असं नाही. सून चांगलं वाचते. एरवी इतकं बोलत नाही.

कादंबरीत सासू आहे. सारखी उसासे टाकते आणि "हे नियतीचं दान आहे" असलं बोलते. अशी सासू घरात असती तर मीसुद्धा लढाईवर गेले असते.

शनिवार, ९ तारीख

सुतार पुन्हा आला. काल टोपी फाटली होती, आज हत्यारांची पिशवी. या माणसाचं सगळंच फाटकं. पिशवी मी हातात घेतली. फाटलेल्या कापडाची कड मला कळते, धागे ओढलेले असतात, कुठे लांब कुठे तोकडे. याची कड सरळ होती. मी म्हटलं, "हे फाटलं नाही, कापलं गेलंय." तो म्हणाला, "हो का?" आणि कान लाल झाले. एवढी धारदार हत्यारं उघडी ठेवतो, दुसरं काय होणार. सुताराला एवढं कळू नये.

सुनेने पिशवी घेतली आणि मंगळवारी या म्हणाली. एवढ्याशा कामाला मंगळवार कशाला? मी असते तर तासाभरात हातात दिली असती.

रविवार, १० तारीख

सिनेमावाल्यांना सुट्टी. ट्रंकेतून कोट काढून मागच्या अंगणात दोरीवर टाकला. दर रविवारी टाकते. लोकरीला ऊन लागतं, नाहीतर कसर धरते. यात बाकी काही नाही.

भिंगरी म्हणाली, "आजी, बाबांना तो आता होईल का?" मी म्हटलं, माणूस या वयात आडवा वाढतो, बटणं सरकवून देता येतील. सून आत होती. तिच्या मशीनचा आवाज थांबला होता. सुई मोडली असेल.

मंगळवार, १२ तारीख

आज एक चांगलं काम केलं.

गेले आठ दिवस पुढच्या खोलीत जाता येता तो हिरोचा कोट दिसतो. जाडसर खाकी, कापड उत्तम. डाव्या बाहीला कोपराच्या वर भोक, कडा काळपट. कोणीतरी विडी ठेवली असणार. माझ्या मुलाच्या खुंटीवर फाटका कोट लटकतोय हे रोज बघायचं म्हणजे दातात अडकल्यासारखं. दुपारी सगळे अंगणात जेवायला बसले होते. मी कोट आणला. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढले, काळ्या कडा कापल्या, उभे आडवे धागे घातले, वरून ओल्या फडक्याने इस्त्री फिरवली आणि जेवणं उरकायच्या आत खुंटीवर परत. कुणाला सांगितलं नाही. काम चांगलं असलं की सांगावं लागत नाही.

बुधवार, १३ तारीख

सांगायला हवं होतं.

सकाळी पुढून आरडाओरडा झाला आणि मग एकदम शांत. आरडाओरड्यापेक्षा ते शांत होणं वाईट. मी गेले. नायिका खुंटीपाशी बाहीत हात घालून उभी आणि वहीवाली पांढरीफटक.

ती विडी नव्हती. गोळी होती. कादंबरीत शिपाई एकदा जखमी होऊन घरी येतो, त्या बाहीला गोळी लागलेली असते. तो परत लढाईवर जाताना नवा कोट घालून जातो आणि हा इथे राहतो. मग ती मुलगी त्या भोकात बोट घालते, आणि तिथे म्हणे सगळं थिएटर रडणार. अर्धा प्रसंग काल सकाळीच काढून झाला होता. उरलेला आज. आणि भोक नाही.

मी म्हटलं, मीच बुजवलं. टोपीवाला जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने टोपी काढली. वर एक केस नाही. टोपी का घालतो ते कळलं.

"दुसरा कोट?" कोणीतरी विचारलं. दुसरा होता, तो बॉम्बच्या प्रसंगात जाळला. मी म्हटलं, मग पाडा की नवीन भोक, त्यात काय. टोपीवाला म्हणाला, "आजी, कॅमेऱ्याने ते भोक इतक्या जवळून बघितलंय. प्रत्येक धागा." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

तेव्हा सून मागून म्हणाली, "मी काढते." वहीवालीकडून भोकाचा फोटो मागून घेतला आणि कोट मागच्या खोलीत आणला. माझं रफू मलाच डोळ्यांनी सापडेना, हिने नुसतं बोट फिरवून शोधलं. एकेक धागा सुईच्या टोकाने उचलून काढायचा, फोटोत बघायचं, कड तशीच विस्कटायची, मेणबत्तीवर काळी करायची. दिवा धरायला सुतार बसला. मी म्हटलं मी धरते, तर सून म्हणाली, "आई, तुमचा हात दुखेल." माझा हात कधी दुखला?

मला दुसरं काही काम दिसेना म्हणून बटाटे सोलले. दोघं तासन् तास काही बोलत नव्हते. कंटाळले असतील बिचारे. मध्ये कोणीतरी हसलं. मला वाटलं नायिका आली. डोकावून बघितलं तर खोलीत ती दोघंच.

संध्याकाळी भोक तयार झालं. टोपीवाल्याने फोटो शेजारी धरला, पुन्हा पुन्हा बघितला आणि टोपी घातली.

गुरुवार, १४ तारीख

तो प्रसंग झाला. नायिकेने भोकात बोट घातलं. विजेचा माणूस रडला, तो पंखा लावला तरी रडतो म्हणे. मी नाही रडले. मी ते भोक आतून बघितलं आहे.

शनिवार, १६ तारीख

आज कादंबरी संपली.

शिपाई शेवटपर्यंत येत नाही. ती मुलगी सासूबरोबर राहते. औषधांच्या दुकानात एक माणूस असतो, तो तिला लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते, कारण सासूला एकटं कसं टाकायचं. मी म्हटलं, आता ही सासू नियतीवर सुरू होणार. पण नाही. लेखिकेला शेवटी शेवटी अक्कल आली आहे. सासू बटाटे सोलता सोलता सुनेला म्हणते, "वाट बघायला घरात एक माणूस पुरे, आणि ते काम माझं आहे. तू जा. आणि उगीच दारात रडत उभी राहू नकोस, गॅसवर दूध आहे."

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, हे बरं बोलली. आधी कुठे होती ही बाई?

सून म्हणाली, "शेवटच्याच प्रकरणात आहे."

मग ती मुलगी जाते. रोज सासूकडे कामाला येते आणि सासू रोज तिच्या चुका काढते. संपलं. शेवट एवढा लांब होता आणि सुनेने पान एकदाच उलटलं. मी म्हटलं, पानं मोठी दिसतात या पुस्तकाची. ती म्हणाली, "अक्षर बारीक आहे."

मी म्हटलं, बाकी असली सासू पुस्तकातच मिळायची.

"हो," सून म्हणाली, "पुस्तकातच." आणि चहा ठेवायला गेली. चहाची वेळ झाली नव्हती.

मंगळवार, १९ तारीख

टोपीवाल्याने शेवट बदलला. सिनेमात शिपाई परत येतो. वहीवाली म्हणाली, लोकांना रडत घरी पाठवायचं नाही असं वर कोणीतरी ठरवलं.

तर आज दिवसभर तो आमच्या दारातून परत आला. कडी वाजवतो, नायिका जिन्यावरून धावत येते, दार उघडते. मग म्हणतात पुन्हा. पुन्हा कडी. आम्ही दोघी मागच्या खोलीत काम करत होतो, भिंगरी शाळेत. कडी वाजली आणि मी उठले. दोन पावलं गेल्यावर आठवलं की सिनेमा आहे. बसले. पुन्हा वाजली, पुन्हा उठले. दुपारपर्यंत हेच. डोक्याला कळत होतं. गुडघ्यांना कोण सांगणार?

सुनेने मला पाणी दिलं, म्हणाली, "आई, बसून राहा, तुमचा पाय दुखेल." ती स्वतः एकदाही उठली नाही. मान वर केली नाही. दर वेळी कडी वाजली की तिची सुई जिथे होती तिथून पुढे जात होती. टाका पडत होता, सरळ.

ते बघितल्यावर मी उठायची थांबले.

चहाच्या वेळी वहीवालीला म्हटलं, तुमच्या शेवटापेक्षा पुस्तकातला बरा, ती औषधवाल्याशी लग्न करून जाते तो. ती म्हणाली, "नाही आजी, पुस्तकात ती कुठेच जात नाही. शेवटपर्यंत खिडकीतच बसते." कपातला चहा मोजते पण पुस्तक नीट वाचलेलं दिसत नाही.

गुरुवार, २१ तारीख

दुपारी सून कपडे पोचवायला गेली होती. पुस्तक काढलं. शेवटचं प्रकरण बोट ठेवून वाचलं. जोडाक्षर आलं की थांबायचं, सोडवायचं, पुढे. माझा निम्मा दिवस गेला.

वहीवालीचं बरोबर होतं. ती मुलगी खिडकीत बसते, दिवा लावते, केस पांढरे होतात, संपलं. बटाटे नाहीत. दूध नाही. आणि सासू तर त्याच्या आधीच्या प्रकरणात मरते. म्हणजे शनिवारी मी जिचं ऐकलं ती बाई तेव्हा जिवंतच नव्हती.

मला वाटलं दोन पानं चिकटली असतील. नखाने सोडवून बघितली. चिकटलेली नव्हती.

मग सुताराने काय काय आणलं ते मोजलं. स्वेटर. टोपी. पिशवी. परवा मफलर. पिशवी ब्लेडने कापली होती हे मी त्याच दिवशी बघितलं. कापड मला कळतं. कापणारा कळायला बारा दिवस लागले.

शुक्रवार, २२ तारीख

राग आला आहे. लिहून ठेवते. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारखं राहिलो आणि हिला समोर बसून सांगता येईना? पुस्तकातल्या मेलेल्या बाईच्या तोंडून मला सांगितलं. आणि जे सांगितलं ते मी बोलेन असं तिला वाटतं. न विचारता माझ्या तोंडात वाक्य घातलं.

वाक्य माझ्यासारखं आहे, ते मात्र तिने बरोबर पकडलं. दूध तर अगदीच.

संध्याकाळी राग थोडा गेला. समोर बसून ती सांगणार कशी? मी दर रविवारी कोटाला ऊन देते. ज्या घरात कोट रोज खुंटीवर आहे तिथे ती कुठल्या तोंडाने विचारणार?

दोघी गेल्या की या घरात मी आणि मशीन. हे वाक्य आधी खोडलं होतं. मग पुन्हा लिहिलं. वही माझी आहे.

शनिवार, २३ तारीख

सुताराला मागच्या दारात धरलं. सून भिंगरीला घेऊन बाजारात गेली होती. तो फाटका रुमाल घेऊन आला होता. रुमाल कोण रफू करून घेतं?

"घरी कोण असतं?" विचारलं.

"कोणी नाही. आई होती, ती गेली."

"घर कुठे?"

"पुलाच्या पलीकडे. खाली दुकान, वर दोन खोल्या."

"पितोस?"

"चहा."

"पिशवी का कापलीस?"

त्याने रुमालाची घडी केली, उलगडली. मग म्हणाला, "यायला काही कारण नव्हतं, आजी."

"एवढा बाप्या माणूस. पाणी मागायचं."

"ते मागून झालं होतं."

मला हसू आलं, पण त्याला दाखवलं नाही. तो म्हणाला, "तिने अजून हो-नाही काही म्हटलं नाही. म्हणाली, आईंच्या समोर हा विषय नको. तुमची परवानगी नसेल तर मी उद्यापासून येणार नाही."

"मी काय घरमालक आहे परवानगी द्यायला?" म्हटलं. "आणि भिंगरीला विचारलंस का?"

"तिनेच सांगितलं की पुढच्या वेळी मफलर आणा, टोपीपेक्षा मफलरला वेळ जास्त लागतो."

माझीच नात. मला वाटलं होतं फक्त जीभ माझी घेतली आहे.

रुमाल ठेवून घेतला.

रविवार, २४ तारीख

कोट उन्हात टाकला. सिनेमावाले या आठवड्यात जाणार, पुस्तक परत करायचं. जेवण झाल्यावर सुनेला म्हटलं, ते शेवटचं प्रकरण पुन्हा एकदा ऐकव, मला आवडलं होतं.

ती म्हणाली, "आई, राहू दे ना. कामं पडली आहेत."

"कामं कुठे जातात?"

तिने पुस्तक उघडलं. पान बरोबर उघडलं, पण डोळे त्यावर नव्हते. औषधवाला विचारतो तिथपर्यंत आली. सासू बटाटे सोलते तिथपर्यंत आली. "सासू म्हणाली," असं म्हणाली आणि अडकली. मागच्या वेळी तोंडाला येईल तसं बोलली होती, आता शब्द सापडेनात. पान उलटलं, परत उलटलं. तिथे काय मिळणार होतं?

पुढचं मी सांगितलं. "वाट बघायला घरात एक माणूस पुरे, आणि ते काम माझं आहे. तू जा."

तिने पुस्तक मांडीवर मिटलं. म्हणाली, "आई, पुस्तकात असं नाहीये."

"माहीत आहे. मी वाचलंय."

"तुम्ही?"

"बोट ठेवून. सासू मेली आहे तिथे. मेलेल्या बाईकडून बटाटे सोलून घेतलेस."

ती हसली आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. मी तिला पदर दिला, नाक पुसायला. म्हटलं, "लेखिकेपेक्षा तुझा शेवट बरा आहे. फक्त एक चूक. ती रोज कामाला येते ना, तर तिच्या चुका काढायच्या की नाही हे सासू ठरवेल."

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही एकट्या..."

"गॅसवर दूध आहे," मी म्हटलं.

दूध नव्हतं. ती बघायला गेली तरी. मला तेवढा वेळ हवा होता.

बुधवार, २७ तारीख

भिंगरीला सांगितलं. तिला सगळं आधीच माहीत होतं. तिचा एकच प्रश्न होता की दोन घरं म्हणजे अभ्यासाला दोन टेबलं मिळणार का. म्हटलं, शाळेतून सुटलीस की इथे, कारण तुझ्या आईचं काम इथे आहे आणि मी अजून मेलेली नाही. तिने विचारलं, आणि बाबा आले तर? सून स्वयंपाकघरात थांबली. मी म्हटलं, आला तर दार मी उघडेन. मला गुडघे आहेत.

शनिवार, ३० तारीख

सिनेमावाले गेले. ट्रक वळताना नायिकेने हात केला, दोन रंगांचे पायमोजे घातलेले पायसुद्धा वर करून दाखवले. टोपीवाला म्हणाला, "आजी, सिनेमा लागला की पहिल्या दिवशी तुम्ही यायचं." मी विचारलं, शेवटी येतो ना परत तो? तो म्हणाला, येतो. म्हटलं, मग येईन. एकदा तरी कुठेतरी आलेला बघते. पुस्तक वहीवालीकडे परत दिलं. तिने ते शेवटच्या पानापासून चाळलं, सवयीने, आधी होतं तसंच आहे ना ते बघायला.

सुतार मागे राहिला. पुढची खोली जशी होती तशी करून द्यायचं त्याचं काम. टेबल, मशीन, आरसा, सगळं जागच्या जागी. मग खुंटीपाशी उभा राहिला. तिथे मुलाचा कोट लावायचा की नाही, हे त्याला विचारवत नव्हतं. मीच ट्रंकेतून काढून लावला. बाही झटकली.

मग म्हटलं, "इथे शेजारी आणखी एक खुंटी ठोक."

"आजी?"

"तू येशील तेव्हा तुझा कोट कुठे लावशील? जमिनीवर टाकणार? आणि सरळ ठोक, पिशवी कापली होतीस तशी."

त्याने पेन्सिलीने खूण केली, मागे सरून बघितली, पुसली, पुन्हा केली. सून मशीनवर बसून सगळं बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. खुंटी लागली. जुनी जरा काळी, नवी पांढरी. काही दिवसांनी एकसारख्या दिसतील.

जाताना तो सुनेला म्हणाला, "येतो." अजून काही म्हणत नाही तिला. नाव शिकेल हळूहळू.

उद्या रविवार. ऊन पडलं तर कोट बाहेर टाकायचा.